दोन फ्लॅश चिप जोडून एक करायच्या आहेत: एम्बेडेड लिनक्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोर्डवर दोन किंवा तीन फ्लॅश चिप आहेत आणि लिनक्सला त्या एकच दिसायला हव्यात, तर काय करायचं, असं विचारणारे निरोप मला गेली कित्येक वर्षं येत आहेत. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा लिहिण्यापेक्षा ती इथे एकत्र करतो आहे. आज्ञा, फाइली आणि प्रॉपर्टींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच मूळ रोमन अक्षरांत टाइप करायची.

१. फ्लॅश "जोडणं" म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) नेमकं काय करतो?

शंभर पानांच्या दोन वह्या एकत्र बाइंड केल्या की दुसऱ्या वहीचं पहिलं पान एकशे एकावं होतं. इथेही तेवढंच होतं. लिनक्समध्ये कच्च्या फ्लॅशचा कारभार एमटीडी हा थर पाहतो, आणि त्यात एमटीडी-कॉन्कॅट नावाचा छोटा भाग आहे. मूळ कोड २००२ सालचा, रॉबर्ट कायझर यांचा. ३२ एमबीच्या दोन चिप दिल्या की तो ६४ एमबीचं एक एमटीडी उपकरण उभं करतो. पहिल्या ३२ एमबीतला पत्ता पहिल्या चिपकडे जातो. त्यापुढचा पत्ता आला की त्यातून ३२ एमबी वजा करून तो दुसऱ्या चिपकडे पाठवला जातो. वाचन किंवा लेखन सीमेवरून पलीकडे जात असेल तर त्याचे दोन तुकडे होतात.

म्हणजे फक्त पत्ते सलग होतात. वेग वाढत नाही (प्रश्न ९) आणि सुरक्षितताही वाढत नाही (प्रश्न १०). पुढच्या बहुतेक अडचणी या दोन अपेक्षांतून येतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

२. मला याची खरंच गरज आहे का?

बहुतेकांना नसते. एका चिपवर कर्नल आणि रूट फाइल सिस्टम, दुसरीवर नोंदी आणि सेटिंग, अशी विभागणी जमत असेल तर तीच ठेवा. डेटाची चिप बिघडली तरी बोर्ड बूट होतो आणि निदान "बिघडलो आहे" एवढं तरी सांगू शकतो.

जोडणी लागते ती एकच गोष्ट एका चिपमध्ये मावत नसेल तेव्हा. रूट फाइल सिस्टम ४० एमबीची आणि चिप ३२ एमबीच्या, किंवा जुन्या बोर्डवर मोठी चिप बसवायला जागाच नाही. एसपीआय नॉरमध्ये (नॉर आणि नॅंड या फ्लॅशच्या दोन जाती; एसपीआय म्हणजे मोजक्या तारांची जोडणी) आणखी एक कारण दिसतं: तीन बाइटच्या पत्त्याने १६ एमबीपर्यंतच पोचता येतं, आणि ज्या प्रोसेसरचा बूट रॉम (वीज येताच सगळ्यात आधी धावणारा कोड) चार बाइटचा पत्ता बोलत नाही तिथे डिझाइन करणारे एका मोठ्या चिपऐवजी १६-१६ एमबीच्या दोन लावतात.

३. ईएमएमसी किंवा एसडी कार्ड असंच जोडता येईल का?

या मार्गाने नाही. त्यांच्या आत स्वतःचा कंट्रोलर असतो आणि लिनक्सला ती साध्या डिस्कसारखी दिसतात; एमटीडीशी त्यांचा संबंध येत नाही. त्यांच्यासाठी डिव्हाइस मॅपरचं लिनिअर टार्गेट किंवा एलव्हीएम या डिस्क जोडण्याच्या सोयी वापरा.

४. मग नॅंडवर एमटीडीब्लॉक (फ्लॅशला डिस्कसारखं दाखवणारा थर) लावून त्यावर एलव्हीएम केलं तर?

करू नका. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतो, कारण हे पहिल्या दिवशी व्यवस्थित चालतं. एमटीडीब्लॉक ५१२ बाइट बदलण्यासाठी सगळा इरेज ब्लॉक (एका वेळी पुसता येणारा सर्वात लहान भाग, बहुधा १२८ केबी) मेमरीत घेतो, फ्लॅशवरचा पुसतो आणि पुन्हा लिहितो. पुसणं आणि लिहिणं यांच्या मध्ये वीज गेली तर १२८ केबी गेले. पुसून पुसून होणारी झीज वाटून घेण्याची सोय त्यात नाही, बॅड (बिघडलेले) ब्लॉक तो ओळखत नाही. त्यावर एक्स्ट४ ही डिस्कची फाइल सिस्टम टाकली की जर्नलची जागा दिवसभर पुसली जाते आणि तेवढेच ब्लॉक लवकर मरतात.

योग्य क्रम असा: खाली चिप, त्यावर एमटीडी-कॉन्कॅट, त्यावर यूबीआय (झीज वाटणारा आणि बॅड ब्लॉक सांभाळणारा थर), सगळ्यात वर यूबीआयएफएस ही त्याच्यासाठीची फाइल सिस्टम. लहान नॉरवर यूबीआयऐवजी थेट जेएफएफएस२ ही फ्लॅशची फाइल सिस्टम चालेल.

५. यूबीआयला दोन एमटीडी देऊन त्याच्याकडूनच का जोडून घेऊ नये?

कारण एक यूबीआय उपकरण एकाच एमटीडीवर बसतं. दोन एमटीडी जोडले तर यूबीआय-शून्य आणि यूबीआय-एक अशी दोन स्वतंत्र उपकरणं मिळतात, आणि एक व्हॉल्यूम (यूबीआयने दिलेला जागेचा वाटा) दोघांत पसरत नाही. जोडणी यूबीआयच्या खालीच व्हावी लागते.

६. कोणत्या चिप जोडता येतात? क्षमता सारखी हवी का?

क्षमता वेगळी चालते. १६ आणि ३२ एमबी जोडून ४८ होतात. बाकी अटी मात्र कडक आहेत.

प्रकार एक हवा: नॉरला नॉर, नॅंडला नॅंड. तो जुळला नाही तर बूट लॉगमध्ये "इनकम्पॅटिबल डिव्हाइस टाइप" अशी ओळ येते. लिहिण्याचं सर्वात लहान माप (नॅंडमध्ये पेज), ओओबीचा (प्रत्येक पेजसोबतच्या जादा जागेचा) आकार आणि सब-पेजची विभागणीही जुळायला हवी. म्हणजे २ केबी पेजचं नॅंड ४ केबी पेजच्या नॅंडला जोडता येत नाही. तिथे "इनकम्पॅटिबल ओओबी ऑर ईसीसी डेटा" असं वाचायला मिळेल. फ्लॅगमध्ये एकच फरक खपतो: एक चिप लिहिता येणारी आणि दुसरी फक्त वाचता येणारी. तेव्हा सगळं उपकरण लिहिता येण्याजोगं दिसतं, पण त्या दुसऱ्या चिपच्या हद्दीत लिहायला गेलात की एरर येतो. प्रोग्रामला तो फाइलच्या मध्येच कुठेतरी भेटतो, म्हणून ही सूट वापरू नका.

इरेज ब्लॉकचा आकार वेगळा असला तरी जोडणी होते. त्यातून पुढे काय होतं ते प्रश्न ११ मध्ये.

७. डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला बोर्डचं वर्णन देणाऱ्या फाइलमध्ये) कसं लिहायचं?

ते चिपच्या जातीवर आहे.

समांतर नॉर, म्हणजे "सीएफआय-फ्लॅश", सगळ्यात सोपं. एकाच नोडच्या "रेग" प्रॉपर्टीत पत्ता आणि लांबीच्या दोन जोड्या लिहा. फिजमॅप ड्रायव्हरला एकापेक्षा जास्त जोड्या दिसल्या की तो प्रत्येक चिप ओळखतो आणि स्वतःच कॉन्कॅट करतो. दोन वेगळे नोड लिहिलेत तर दोन वेगळी उपकरणं मिळतील. मला येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्यांचं उत्तर एवढंच असतं.

एकाच नॅंड कंट्रोलरच्या दोन चिप-सिलेक्टवर (चिप निवडणाऱ्या तारांवर) एकसारख्या चिप असतील तर कॉन्कॅट लागतच नाही. नॅंडचा गाभाच त्यांना एक उपकरण धरतो. ड्रायव्हरला तेवढी चिप-सिलेक्ट माहीत हवीत, मग लॉगमध्ये "२ चिप्स डिटेक्टेड" येतं. दुसऱ्या चिपचा आयडी वेगळा निघाला तर मोजणी तिथेच थांबते आणि फक्त पहिली चिप दिसते. "अर्धी मेमरी गायब" असं कोणी लिहिलं की मी आधी दोन्ही चिपवरचा छापील नंबर भिंगातून वाचायला सांगतो.

एसपीआय नॉर जरा किचकट आहे. "स्टॅक्ड-मेमरीज" आणि "पॅरलल-मेमरीज" या प्रॉपर्टी बाइंडिंगमध्ये (डिव्हाइस ट्रीच्या नियमावलीत) आहेत, पण त्यांच्यामागचा आधार कंट्रोलरच्या ड्रायव्हरवर अवलंबून असतो. तो नसेल तर चाळीसेक ओळींचं मॉड्यूल लिहायचं: "गेट-एमटीडी-डिव्हाइस-एनएम" ने दोन्ही एमटीडी नावाने मिळवा, "एमटीडी-कॉन्कॅट-क्रिएट" ला त्यांची यादी, संख्या आणि नवं नाव द्या, आणि आलेलं उपकरण नोंदवा. चिप अजून ओळखल्या गेल्या नसतील तर मॉड्यूलने "प्रोब डिफर" (नंतर पुन्हा प्रयत्न कर) परत करावं, नाहीतर बूटचा क्रम जरा बदलला की जोडणी गायब होते. या पद्धतीत मूळ दोन एमटीडीसुद्धा यादीत दिसत राहतात. त्यांना हात लावायचा नाही. जोडलेल्या उपकरणावर यूबीआय चालू असताना खालच्या चिपवर फ्लॅश-इरेज मारला तर वरच्या थराला ते कळत नाही.

जुन्या लेखांत "कॉन्फिग-एमटीडी-कॉन्कॅट" चालू करा असं सापडेल. पुढे तो पर्याय काढून टाकला आणि कोड एमटीडीच्या गाभ्यातच घेतला. मेन्यूत दिसला नाही म्हणून शोधत बसू नका.

८. जोडल्यापासून एमटीडीपार्ट्सची (पार्टिशन सांगणारी) ओळ लागू होत नाही. का?

नाव बदललं म्हणून. कर्नलच्या कमांड लाइनवर एमटीडीपार्ट्समध्ये कोलनच्या आधी असतं ते एमटीडी उपकरणाचं नाव, आणि आता उपकरण दुसरंच आहे. प्रोक-एमटीडी ही फाइल उघडून शेवटच्या रकान्यातलं नाव जसंच्या तसं उचला.

पार्टिशन आता जोडलेल्या उपकरणाच्या सुरुवातीपासून मोजायची. दुसऱ्या चिपचं पार्टिशन शून्यापासून सुरू होत होतं ते आता ३२ एमबीपासून.

९. दोन चिप झाल्या, मग वेग दुप्पट का नाही?

वाचन एका वेळी एकाच चिपवर चालतं म्हणून. दुप्पट वेग हवा असेल तर चिप शेजारी-शेजारी बसवाव्या लागतात आणि ते काम सर्किटचं आहे. १६ बिटच्या दोन नॉर मिळून ३२ बिटची बस करायची, डिव्हाइस ट्रीमध्ये "बँक-विड्थ" ४ लिहायची. मग प्रत्येक वाचनात दोन्ही चिप अर्धा-अर्धा शब्द देतात. इरेज ब्लॉकही दोघींचा मिळून एक होतो: १२८ केबीचा २५६. झायलिंक्सच्या झिंक प्रोसेसरवर एसपीआय चिपसाठी असंच "ड्युअल पॅरलल" आहे. तिथे प्रत्येक बाइटचे बिट दोन चिपांत वाटले जातात, त्यामुळे एक चिप काढून प्रोग्रामरवर वाचली तर अर्थ लागत नाही. त्याच प्रोसेसरवरचं "ड्युअल स्टॅक्ड" मात्र एकापुढे एक अशी मांडणी आहे.

सर्किट तयार झाल्यावर एकातून दुसऱ्यात जाता येत नाही. बोर्ड छापायला पाठवण्याआधी हे ठरवा.

१०. एक चिप मेली तर निम्मा डेटा वाचेल का?

तसं धरून चालू नका. यूबीआय आपले ब्लॉक दोन्ही चिपवर पसरवतं, तेव्हा एका फाइलचे तुकडे दोन्हीकडे असतात. यूबीआयएफएसची अनुक्रमणिकाही तशीच पसरलेली. एक चिप गेली की फाइल सिस्टम माउंटच होणार नाही. दोन चिपपैकी कोणतीही एक बिघडली तरी सगळं जातं, म्हणजे एका चिपपेक्षा धोका जास्तच. ज्या नोंदी हरवून चालणार नाहीत त्या जोडणीच्या बाहेर, वेगळ्या जागी ठेवा.

११. जोडणी झाली, पण यूबीआय "मल्टिपल रीजन्स, नॉट इम्प्लिमेंटेड" म्हणून नकार देतं.

या उत्तराला मी जास्त जागा देतो, कारण यात मी स्वतः दोन दिवस घालवले आहेत.

आमच्या एका बोर्डवर ३२ एमबीच्या दोन नॉर चिप होत्या. पहिली खेप उत्तम चालली. दुसऱ्या खेपेला पुरवठादाराकडे तीच चिप शिल्लक नव्हती, म्हणून दुसऱ्या जागेवर तेवढ्याच क्षमतेची, त्याच पायांची दुसरी आली. बोर्ड बूट झाला. प्रोक-एमटीडीमध्ये आकार ०४०००००० म्हणजे ६४ एमबी, इरेज ब्लॉक ०००२०००० म्हणजे १२८ केबी. सगळं पूर्वीसारखं. आणि यूबीआय मात्र वरची ओळ छापून बाहेर.

नवी चिप "टॉप बूट" प्रकारची होती. अशा चिपमध्ये २५५ ब्लॉक १२८ केबीचे असतात आणि शेवटच्या १२८ केबीत ३२ केबीचे चार छोटे ब्लॉक. पूर्वी बूटलोडर आणि सेटिंग ठेवायला ते सोयीचे पडत. दोन्ही चिप एकसारख्या ब्लॉकच्या असतील तर कॉन्कॅट सगळ्याचा मिळून एकच सरळ प्रदेश (रीजन, म्हणजे एकसारख्या ब्लॉकचा पट्टा) दाखवतो. ब्लॉक वेगवेगळे दिसले की तो प्रदेशांची यादी बनवतो, आणि यूबीआयला प्रदेशांची यादी असलेलं उपकरण चालत नाही. प्रोक-एमटीडी मात्र फक्त सर्वात मोठा ब्लॉक छापतं, म्हणून तिथे काही दिसत नाही. एमटीडीइन्फो चालवलं असतं तर पहिल्या मिनिटाला कळलं असतं.

उपाय साधा आहे: यूबीआय सगळ्या उपकरणावर न बसवता पार्टिशनवर बसवा. पार्टिशन करताना कर्नल त्यात येणाऱ्या प्रदेशांतला सर्वात मोठा ब्लॉक घेतो आणि पार्टिशनला तोच एक आकार देतो. प्रदेशांची यादी पुढे जात नाही. आम्ही शेवटचे १२८ केबी बाहेर ठेवून पार्टिशन केलं आणि यूबीआय लगेच बसलं.

दोन्ही चिप टॉप बूट असतील तर पहिलीचे छोटे ब्लॉक बरोबर मधोमध येतात, ते बाहेर ठेवता येत नाहीत. तरी गणित जुळतं: ३२ चोक १२८. यूबीआय एक ब्लॉक पुस म्हणतं, खाली चार छोटे ब्लॉक पुसले जातात. पार्टिशनची सुरुवात आणि शेवट मात्र १२८ केबीच्या पटीत हवेत. नसतील तर कर्नल लॉगमध्ये सूचना देऊन ते पार्टिशन गुपचूप केवळ-वाचनीय करतो, आणि तुम्ही माउंटचे पर्याय तपासत बसता.

खरेदी विभागाला फक्त क्षमता आणि पाय लिहून देऊ नका. ब्लॉकची मांडणीही लिहून द्या.

१२. झीज आणि बॅड ब्लॉकचं काय?

जोडल्याचा खरा फायदा इथे आहे. यूबीआय दोन्ही चिपचे ब्लॉक एकाच साठ्यातून वापरतं, त्यामुळे झीज दोघींवर वाटली जाते. रोज थोड्या नोंदी लिहिणाऱ्या यंत्राला याचा उपयोग होतो.

बॅड ब्लॉकची विचारणा कॉन्कॅट योग्य चिपकडे पोचवतो. वाचताना बिट दुरुस्त झाला किंवा दुरुस्त करता आला नाही, हे दोन्ही निरोपही वर येतात. यूबीआय साधारणपणे १०२४ ब्लॉकमागे २० ब्लॉक राखून ठेवतं. १२८ एमबीच्या दोन नॅंड चिप जोडल्या तर ४०. वापरायला मिळणारी जागा मोजताना हे ४० वजा करायला विसरू नका. फॅक्टरीत इमेज भरताना शेवटच्या दोन-चार एमबीसाठी अडलेले लोक मी पाहिले आहेत.

१३. बूटलोडरला जोडणी समजते का?

यू-बूट या बूटलोडरमध्ये एमटीडी-कॉन्कॅटचा कोड आहे आणि तिथे तो अजून वेगळा पर्याय म्हणून चालू करावा लागतो. एकापेक्षा जास्त सीएफआय नॉर सापडल्या तर तो त्यांचं एक जादा उपकरण बनवतो. पण त्याआधी धावणारा बूट रॉम पहिल्या चिपपलीकडे पाहत नाही. बूटलोडर, त्याचं एन्व्हायर्नमेंट आणि जमल्यास कर्नल पहिल्या चिपमध्ये ठेवा, सीमेवरून जाणारं पार्टिशन फक्त यूबीआयचं असू द्या.

१४. चिपचा क्रम उलटा झाला तर डेटा जाईल?

पार्टिशनवर थेट लिहिलेलं सगळं चुकीच्या जागी दिसेल. यूबीआयचं मात्र वेगळं आहे. कोणता ब्लॉक कोणत्या व्हॉल्यूमचा कितवा, हे प्रत्येक ब्लॉकच्या सुरुवातीला लिहिलेलं असतं आणि जोडताना यूबीआय सगळे ब्लॉक वाचून नकाशा बांधतं. सगळं उपकरण यूबीआयकडे असेल तर क्रम बदलूनही ते उभं राहतं. अपवाद फास्टमॅप (सगळे ब्लॉक वाचावे लागू नयेत म्हणून साठवलेला तयार नकाशा): त्यात ब्लॉकचे भौतिक क्रमांक साठवलेले असतात आणि क्रम उलटला की ते खोटे ठरतात. फास्टमॅप चालू असलेल्या बोर्डवर क्रमाचे प्रयोग करू नका.

१५. पुढे तिसरी चिप वाढवली तर?

ती शेवटी जोडा, मधे नाही. तिचे कोरे ब्लॉक यूबीआय साठ्यात घेईल. नंतर यूबीआयआरएसव्हॉलने व्हॉल्यूम मोठा करा. अडचण यूबीआयएफएसची येते: इमेज बनवताना एमकेएफएस-यूबीआयएफएसला "-सी" पर्यायाने दिलेल्या कमाल ब्लॉकसंख्येपुढे फाइल सिस्टम वाढत नाही. तो आकडा पहिल्याच दिवशी भविष्यातली चिप धरून द्या. फॅक्टरीतून गेलेल्या बोर्डवर तो बदलायला सगळं पुन्हा लिहावं लागतं.

१६. एकाच चिपमधले दोन विखुरलेले तुकडे जोडता येतात का?

येतात, कॉन्कॅटला एमटीडी लागतो, मग तो चिप असो की पार्टिशन. राउटरवर हे नेहमी लागतं: निर्मात्याची सेटिंगची जागा मधोमध असते आणि तिच्या दोन बाजूंची मोकळी जागा एकत्र हवी असते. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या लिनक्समध्ये त्यासाठी "एमटीडी-कॉन्कॅट" नावाचा डिव्हाइस ट्री नोड आहे, त्याच्या "डिव्हाइसेस" यादीत तुकडे क्रमाने द्यायचे. प्रत्येक तुकडा इरेज ब्लॉकच्या सीमेवर सुरू आणि संपायला हवा.

१७. जोडलेल्या नॉरवरून प्रोग्राम थेट चालवता येतो का, मेमरीत न आणता?

नाही. त्यासाठी एमटीडीने फ्लॅशचा थेट पत्ता द्यावा लागतो आणि कॉन्कॅट तो देत नाही. क्रॅमएफएस (केवळ-वाचनीय फाइल सिस्टम) असं वापरायचं असेल तर त्याचा भाग जोडणीबाहेर ठेवा.

१८. जोडणी नीट झाली हे कसं तपासू?

कोऱ्या बोर्डवर, डेटा भरायच्या आधी. ३२-३२ एमबीच्या जोडणीत सीमा ०२०००००० वर आहे. तिच्या १२८ केबी अलीकडून १२८ केबी पलीकडेपर्यंत पुसा आणि तेवढीच, म्हणजे २५६ केबीची यादृच्छिक बाइटची फाइल एमटीडी-डीबगने लिहा. परत वाचून सीएमपीने ताडून पहा. मग डिव्हाइस ट्रीतून पहिली जोडी काढून कर्नलला फक्त दुसरी चिप दिसेल असं बूट करा आणि तिचे पहिले १२८ केबी वाचा. फाइलचा उत्तरार्ध हुबेहूब तिथे सापडला पाहिजे. पूर्वार्ध सापडला किंवा पहिली चिपच पुन्हा दिसली, तर सर्वात वरची अ‍ॅड्रेस लाइन किंवा चिप-सिलेक्ट कुठेतरी चुकीचं जोडलेलं आहे, सोल्डरिंग पाहा.

कर्नलमधली एमटीडीची चाचणी मॉड्यूल, उदाहरणार्थ एमटीडी-स्ट्रेसटेस्ट, रात्रभर चालवायला चांगली आहेत. पण ती दिलेल्या उपकरणावरचं सगळं पुसतात. मॉड्यूल लोड करताना दिलेला एमटीडी क्रमांक प्रोक-एमटीडीशी दोनदा ताडून मगच एंटर दाबा, कारण जोडणी केल्यावर क्रमांक सरकलेले असू शकतात.